तापाचा डबा

दिगू, तुझ्या तेराव्याला माणसं पोटभर जेवली. वडे कमी पडले, पुन्हा कढई चढवावी लागली. काळ्या वाटाण्यांची आमटी झकास झाली होती म्हणे. मग जिन्यात चपला घालता घालता कुणीतरी म्हणालं, "मच्छरांचा मास्तर, आणि शेवटी मच्छरानेच नेला. काय नशीब बघा." दुसऱ्याने च्-च् केलं. तिसरा हसला. मी दाराआड उष्टी पानं गोळा करत होते. मी ऐकलं.

तू असतास तर त्या हसणाऱ्याबरोबर हसला असतास. तेच तर. तुला कशाचाच राग यायचा नाही, म्हणून आपल्या दोघांच्या घरातला सगळा राग माझ्या वाट्याला आला. आता तर घरात माणूसच एक उरलंय. मी रडत नाही हे बिल्डिंगीतल्या बायकांना खुपतंय. "ताई, मन मोकळं करा," म्हणतात. मोकळं केलं तर यांना ऐकवेल का? मला रडू येत नाही रे, मला तुझा राग येतो. सख्ख्या भावाचा, मेलेल्या भावाचा राग. हे कुणाला सांगू?

म्हणून तुलाच सांगते. आपलं भांडण अर्धं राहिलंय. तू मेलास म्हणून ते संपलं असं समजू नकोस.

माझं काम तुला तोंडपाठ होतं. औषधाच्या कारखान्यात बेल्टवरून गोळ्या येतात, आम्ही बायका दोन्ही बाजूंना बसतो, आणि फुटकी, डागी, टवका गेलेली, रंगाने जरा उन्नीस-बीस असलेली गोळी दिसली की उचलून रिजेक्शनच्या डब्यात टाकतो. वेगळं दिसलं की काढ. सुपरवायझर बाईंनी पहिल्या दिवशी शिकवलं ते एवढंच, आणि तेवढ्यावर माझी इतकी वर्षं गेली. तू कॉलेजातून यायचास, चहा ओतून घ्यायचास आणि माझ्या बोटांकडे बघून हसायचास.

"ताई, निसर्गाने तुला एक दिवस कामावर ठेवलं नसतं."

"का रे? माझ्याइतका हात कुणाचा चालतो?"

"म्हणूनच. तू त्याचा सगळा माल काढून टाकशील. त्याच्याकडे दोन नग एकसारखे निघतच नाहीत. आणि वेगळं निघालेलं तो फेकत नाही बघ, ठेवतो. कधी उपयोगाला येईल सांगता येत नाही."

"आणि नाही आलं तर?"

"बहुतेक वेळा नाहीच येत. पण दिवस पालटले की ज्यांना इतके दिवस कुणी विचारत नव्हतं, त्यांच्यातलाच एखादा तग धरतो. सगळे एका साच्यातले असते तर सगळे एकदमच गेले असते."

तुझं हे शिकवणं मला चहाबरोबर रोज मिळायचं. कॉलेजातली पोरं फी भरून ऐकायची, मी कपबशा विसळत ऐकायचे. निम्मं कानाआड करायचे. उरलेल्यावर भांडायचे.

पण तू नुसता बोलत नव्हतास, हे कबूल करते. बोरिवलीचं सासर सोडून मी एक पिशवी घेऊन तुझ्या दारात उभी राहिले, तेव्हा सगळं गोत म्हणत होतं की इतर सुना नांदल्या, हिलाच काय झालं जुळवून घ्यायला. तू काही विचारलं नाहीस. आत गेलास, दुसरं ताट घेतलंस, आणि म्हणालास, "आमटी तिखट झालीय, पाणी घेऊन बस." बस्स. त्यानंतर कधी तरी, आठवड्याने की महिन्याने, भाजी निवडताना म्हणालास, "तू त्या साच्यात बसली नाहीस ते बरं झालं गं. मला तर घरात माणूस मिळालं." मी तुला म्हटलं, जा, मेल्या, कोथिंबीर नीट निवड. आभार मानायचे राहिले. आता मानते. आणि त्याच तोंडाने शिव्याही घालणार आहे.

गॅलरीतल्या त्या बाटल्या. लोक घरात पोपट पाळतात, मांजर पाळतात. माझा भाऊ डास पाळायचा! जॅमच्या बाटल्या, तोंडाला मलमलीचं फडकं, रबर लावलेलं, आणि आत वळवळणाऱ्या अळ्या. मी गॅलरीत कपडे वाळत घालायला जायचे तर त्या माझ्याकडे बघून बुडायच्या. "एकही बाहेर सुटला ना दिगू, तर तुला बाहेर काढीन," असं मी किती वेळा म्हणाले असेन. महापालिकेच्या फवारणीवाल्यांशी तुझी दोस्ती होती, त्यांच्याकडून औषध मागून आणायचास आणि बाटलीत थेंब थेंब टाकून बघत बसायचास. बहुतेक अळ्या तळाला जायच्या. दोन-चार मात्र वळवळत राहायच्या. त्यांना तू वेगळ्या बाटलीत काढायचास आणि खाऊपिऊ घालायचास. त्यांची पिल्लं, मग पिल्लांची पिल्लं. शेवटी त्या बाटलीत औषध ओता की ताक ओता, फरक पडेना.

मी म्हटलं, "त्यात काय नवल? सवय झाली त्यांना. आपले बाबा नाही का, मिलमधल्या त्या खडखडाटात वर्षानुवर्षं उभे राहिले, मग आवाज जाणवेनासा झाला. तसंच."

तू खुर्चीवरून उठलासच. "नाही ताई. इथेच सगळे चुकतात. सवय होत नाही. त्या आधीपासूनच तशा असतात."

"आधीपासून? औषध यायच्या आधी औषधाची तयारी? शहाण्या, त्यांना काय ज्योतिष कळतं?"

"तयारी नाही गं. योगायोग. कुणी गोरा जन्मतो, कुणी काळा, कुणाचे केस कुरळे. तशा काही अळ्या मुळातच जरा चिवट निघतात. औषध नसतं तेव्हा त्या चिवटपणाचं कुणाला काही पडलेलं नसतं. औषध आलं की कोवळ्या मरतात आणि रान यांना मोकळं. औषध चिवट बनवत नाही, औषध चिवट निवडतं. तुझ्या बेल्टसारखं. तू गोळ्या बनवतेस का? तू फक्त निवडतेस."

आणि मग तू दुसरी बाटली आणलीस. पहिल्या अळ्यांच्याच कुळातली, म्हणालास, पण औषधाचं तोंड कधी न पाहिलेली. माझ्यासमोर त्यात थेंब टाकलास. मी भाकऱ्या टाकून आले, पाहिलं, तर सगळ्या तळाला आणि दोन वर, ढिम्म. "बघ. यांना कुणी शिकवलं? यांची सवय कधी झाली?" तुझा चेहरा असा फुलला होता जसा काही तूच त्यांना जन्म दिलास. मी म्हटलं, "थेंब कमी पडला असेल." तू कपाळाला हात लावलास. भाकरी करपली ती करपलीच.

आरेचं आठवतं? रविवारी सकाळी सगळी बिल्डिंग टीव्हीसमोर बसलेली असताना तू मला बसमध्ये घालून आरे कॉलनीत नेलंस. मला वाटलं, चला, भावाला बहिणीची दया आली, ताजं दूध पाजील, झाडाखाली बसवील. कसलं काय! गोठ्यांच्या मागे, शेणाच्या वासात, रुईच्या झुडपासमोर मला उभं केलंस. पानांवर पिवळा मावा, आणि मावा खाणारे ते लाल, गोल, तकतकीत किडे. आधी मला सगळे सारखेच दिसले. मग तू म्हणालास, रिजेक्शनला बसलीयस असं समज आणि बघ. बघते तर काय, एकाच्या पाठीवर नागमोडी रेघा, एकाला नुसते ठिपके, एक जवळजवळ सगळा काळा, एक पार कोरा. "किती जाती असतील?" तू विचारलंस. मी म्हटलं चार-पाच. "एकच. सगळे एकमेकांचे सोयरे." तू एक कोरा किडा माझ्या तळहातावर ठेवलास. तो बोटाच्या टोकापर्यंत चढला आणि उडून गेला. तू म्हणालास, "आपण दोघं आज इथे आहोत ना, कारण मागे कधी तरी कुठल्या तरी साथीत आपला कुणी खापरपणजोबा बाकीच्यांपेक्षा जरा वेगळा निघाला होता. त्याने काही केलं नव्हतं. नुसता वेगळा होता."

मी म्हटलं, भूक लागलीय. मग आपण गोठ्याच्या कट्ट्यावर बसून घावणे आणि बटाट्याची भाजी खाल्ली. दूध काही पाजलं नाहीस. तो दिवस चांगला होता, दिगू. त्या दिवसाबद्दल माझी काही तक्रार नाही.

आता डब्याकडे येते.

आपल्या बिल्डिंगीला तळमजल्यावरच्या परब काकू म्हणजे दुसरी आई. तू इथे राहायला आलास तेव्हा घरात स्टोव्ह पेटायच्या आधी काकूंची पेज आली होती म्हणे. त्यांच्या देव्हाऱ्याशेजारी तो पत्र्याचा डबा, कधी काळी बिस्किटांचा असलेला. कुणाच्या घरी ताप आला, डॉक्टरने गोळ्या दिल्या, दोन दिवसांत ताप उतरला की उरलेल्या गोळ्या काकूंच्या डब्यात. पुढच्या तापवाल्याला तिथून. कुणी डॉक्टरकडे जायला नको, कुणी रांगेत उभं राहायला नको. "अन्न टाकू नये तसा औषद टाकू नये," काकू म्हणायच्या. साऱ्या बिल्डिंगीला त्याचा अभिमान. गोकुळाष्टमीच्या प्रसादासारखा तो डबा सगळ्यांचा. नव्या भाडेकरूला आधी पाण्याची वेळ सांगायची आणि मग डब्याची.

आणि तुला तो डबा दिसला की तुझी तळपायाची आग मस्तकात जायची. म्हणजे तुला एवढ्याच एका गोष्टीचा राग यायचा. एकदा सकाळी नळावर सगळ्यांसमोर तू काकूंना धरलंस. "काकू, ताप उतरला म्हणजे जंतू संपले असं नाही हो. मलेरियाचे जंतू अंगात असंख्य असतात आणि सगळे सारखे नसतात. पहिल्या गोळ्यांना मरतात ते कोवळे. चिवट मागे राहतात. त्यांच्यासाठीच तर पुढच्या गोळ्या असतात, त्या तुम्ही डब्यात टाकता. मग डास येतो, उरलेले चिवट शोषतो आणि शेजारच्या घरात नेऊन सोडतो. आपल्या बिल्डिंगीत या डब्याने चिवटांचीच पैदास चाललीय."

काकूंनी त्यातलं "या डब्याने" तेवढं ऐकलं. कळशी खाली ठेवली. "म्हणजे मी रोग पसरवतंय होय रे?"

"काकू, तुम्ही नाही. डबा."

"डबो माझो हा."

काकूंनी कळशी उचलली आणि गेल्या. त्यानंतर किती तरी दिवस आपल्याकडे त्यांची वाटी आली नाही. नारळी भात नाही, पातोळ्या नाहीत. आणि पोरं तुला जिन्यात "मच्छर मास्तर" म्हणायला लागली. मी म्हटलं, "कशाला नडतोस? म्हातारी मायेने करते." तू म्हणालास, "मायेनेच तर वाट लागते ना, ताई. दुष्टपणाने कुणी करत असतं तर थांबवता आलं असतं."

वा रे वा. किती शहाणं बोलायचास. आणि मग काय केलंस?

गणपती जाऊन थोडेच दिवस झाले होते. समोर नव्या बिल्डिंगचा पाया खणून ठेवलेला, त्यात पाणी साचलेलं, आणि घराघरात हुडहुडी. तुझं अंग भरून आलं. मी म्हटलं, दवाखान्यात चल, रक्त दे. तू म्हणालास, उद्या. कॉलेजात प्रॅक्टिकलची परीक्षा लागलेली, बाहेरचा परीक्षक येणार, तुझी पोरं बेडूक फाडताना घाबरतात, तू नसलास तर त्यांची वाट लागेल. दुसऱ्या दिवशी तू बरा दिसलास आणि घाटकोपरला कॉलेजात गेलास. मला वाटलं साधा ताप असेल, गेला.

मला कळलं ते नळावर. काकू माझी वाटच बघत होत्या. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा बोलल्या, आणि कशा बोलल्या! चेहऱ्यावर नुसती दिवाळी. "इलो मा तुझो मास्तर! माझ्या डब्याक इलो! मी म्हटलंय, घे रे बाबा, माझो डबो कोणाक नाय म्हणत नाय."

बायका हसल्या. माझ्या हातातली बादली मी तिथेच सोडली असती. आम्ही गोळ्या पास करतो तेव्हा टवक्याएवढा दोष चालत नाही, आणि त्या डब्यातल्या गोळ्या मी पाहिल्यात. दमट हवेने पिवळ्या पडलेल्या, निम्म्या भुगा झालेल्या. कुठल्या कोणाच्या, कधीच्या, देव जाणे. त्यातल्या दोन तू गिळल्यास. तू!

संध्याकाळी तू आलास तेव्हा मी दारातच धरलं. "लाज वाटते का रे?"

"वाटते."

"मग?"

"प्रॅक्टिकल संपू दे. संपलं की जातो, रक्त देतो, पुरा कोर्स घेतो. शप्पथ."

"जगाला सांगतोस आणि स्वतः?"

आणि तू माझा हात घेऊन आपल्या कपाळाला लावलास. "बघ ना ताई, उतरलाय."

उतरलाय. हा शब्द तू साऱ्या बिल्डिंगीच्या तोंडातून काढून टाकायला निघाला होतास ना? तोच तुझ्या तोंडातून आला. कपाळ गार होतं, खरंच. त्या गार कपाळाचा मला आजही संताप येतो.

पुढचं तुला माहीत नाही, कारण तू शुद्धीत नव्हतास. प्रॅक्टिकल संपलं त्या दिवशी तू थरथरत घरी आलास, आणि सकाळी मला ओळखेनास. हॉस्पिटलात नेलं. मलेरिया मेंदूला चढलाय म्हणाले. सलाईन, इंजेक्शनं, सगळं झालं. तरुण डॉक्टर होता, डोळे लाल झालेले. शेवटी बाहेर येऊन म्हणाला, औषधाला हवा तसा प्रतिसाद मिळाला नाही, हल्ली अशा केसेस दिसतात. मी त्याचा कोट धरला. "आधी त्याने दोनच गोळ्या घेतल्या होत्या. डब्यातल्या. त्यामुळे का?" तो म्हणाला, "बाई, उशीर झाला हे खरं. बाकी सांगता येत नाही."

सांगता येत नाही! एवढं शिकून सांगता येत नाही!

घरी आले आणि तुझ्या बाटल्या एकेक करून मोरीत ओतल्या. कोवळ्या, चिवट, औषध पाहिलेल्या, न पाहिलेल्या, सगळ्या. वरून उकळतं पाणी. हो, ओतल्या. बोल आता. ये, भांड माझ्याशी.

त्या दिवसापासून मला एकच गोष्ट खाते, आणि ती आपल्या जुन्या भांडणातलीच आहे. इतकी वर्षं मी म्हणत आले की सवय होते. अर्धवट औषध मिळालं की जंतू निर्ढावतात. मी बरोबर असेन, तर तुझ्या अंगातले जंतू साधेच होते आणि तुझ्या त्या दोन गोळ्यांनी त्यांना निर्ढावलं. म्हणजे तुला मारलं ते तूच. माझ्या भावाने, सगळं माहीत असताना, पोरांच्या बेडकांपायी स्वतःला मारलं.

आणि तू बरोबर असशील, तर ते चिवट तुला चावलेल्या डासाच्या पोटातच होते. तू गोळी घ्यायच्या आधीपासून. आपल्याच बिल्डिंगीतल्या कुणाच्या तरी अर्ध्या कोर्समधून निवडून, राखून, तुझ्यापर्यंत आणून सोडलेले. मग तू वेळेवर गेला असतास तरी कदाचित हेच झालं असतं. कदाचित नसतं झालं. ते "कदाचित" मला पुरेल रे. तेवढ्यावर मी तुला माफ करू शकते.

कळतंय ना काय झालंय ते? जन्मभर तुझ्याशी वाद घातला, आणि आता रोज देवापुढे हात जोडते की माझा भाऊ बरोबर असू दे.

काकू तेराव्याला आल्या नाहीत. वाटलं, तोंड दाखवायची लाज वाटत असेल, वाटू दे. मग कळलं, तापाने पडल्यात. मुलगा ठाण्याला, त्याला कळवू नका म्हणाल्या. मी दोन दिवस खाली गेले नाही. खोटं कशाला बोलू, मनात म्हटलं, आता भोगा. तिसऱ्या दिवशी गेले ते मायेने नाही, हे तुला सांगून ठेवते. गेले ते त्यांच्याकडून एकदा ऐकायला, की आता त्यांना कसं वाटतंय.

काकू भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. घोंगडीखाली हाडं वाजत होती. डबा देव्हाऱ्याशेजारी तसाच. मी विचारलं, "घेतल्यात का त्यातल्या?" त्यांनी मान हलवली. "नको. त्या डब्यान मास्तराक खाल्ल्यान. माकाव जाऊ दे."

आणि मला असा राग आला, दिगू! म्हणजे यांनीही निसटायचं? तू मोकळा झालास, आता या मोकळ्या होणार, आणि मी एकटी ओझं घेऊन बसायचं? मी काकूंना धरून उठवलं. "मरायचं नाही काकू. इतक्या सहज नाही. चला." रिक्षात घातलं, महापालिकेच्या दवाखान्यात नेलं, बोटातून रक्त काढायला लावलं, बाकावर त्यांना खांद्याला टेकवून बसले. मलेरियाच निघाला, पण तुझ्यासारखा नव्हे, साधा. बघ, त्यातही वेगळेपण. गोळ्या मिळाल्या. आधीच्या मोठ्या, मग पुढच्या दिवसांसाठी त्या बारक्या.

रोज कारखान्यातून आले की आधी त्यांच्याकडे. पेज मी केली. मीठ थोडं जास्त पडलं, तरी सगळी प्यायल्या. गोळी हातात द्यायची आणि गिळेपर्यंत समोर उभं राहायचं. ताप लवकर उतरला. काकू उठून बसल्या, वेणी घातली, देवाला फूल वाहिलं. मग एका संध्याकाळी मी गेले तर बारक्या गोळ्यांची पुडी जागेवर नाही. मी इकडेतिकडे पाहिलं. देव्हाऱ्याशेजारी डब्याचं झाकण नुकतंच लावलेलं, नीट बसलेलंही नव्हतं.

"काकू!"

"अगो, ताप उतरलो," काकू म्हणाल्या. अगदी साध्या आवाजात. "आता कित्याक फुकट घालवूक? कोणाक तरी होतील."

मी ओरडणार होते. खरंच ओरडणार होते, अख्खी बिल्डिंग गोळा करणार होते, जिन्यात हसलेल्या त्या माणसासकट. पण त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं. तू गेलास, त्या स्वतः मरता मरता वाचल्या, तरी हात डब्याकडेच गेला. इतका जुना हात. मी पाट घेतला आणि त्यांच्यासमोर बसले.

"काकू, ताप उतरला म्हणजे कोवळे मेले. चिवट आहेत अजून."

"इतक्या गोळ्यांनी त्यांका सवय झाली असात आता. आणखी घेऊन काय उपेग?"

माझंच वाक्य. माझ्याच शब्दांत.

"सवय होत नाही काकू," मी म्हटलं. "ते आधीपासूनच तसे असतात. सगळे सारखे नसतात. थोडे मुळातच चिवट निघतात, ते मागे राहतात. या गोळ्या त्यांच्यासाठीच आहेत. आज सोडल्या तर तेच उद्या दुसऱ्याच्या घरी जातील."

काकूंनी डब्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "मास्तर ह्याच सांगी होतो?"

"हेच सांगत होता."

त्यांनी डबा उचलला, मांडीवर घेतला आणि माझ्याकडे दिला. मी त्यातली पुडी काढून घेतली आणि बाकीचा सगळा पिवळा भुगा त्यांच्या मोरीत ओतला. त्या बघत राहिल्या, अडवलं नाही. मग पाणी आणलं. शेवटच्या दिवसापर्यंत रोज आणलं. शेवटची गोळी गिळून काकूंनी शाळेतल्या पोरीसारखा माझ्यासमोर तोंडाचा आ केला, बघ, गेली म्हणून. मी वाकून बघितलं. गेली होती. पत्र्याच्या त्या डब्यात आता त्या वाती ठेवतात. परवा वरच्या मजल्यावरची सून ताप आला म्हणून गोळी मागायला आली, तिला म्हणाल्या, "माझ्याकडे नाय. रगत देऊन ये."

ते ऐकून मी जिना चढून वर आले. कुलूप काढलं. गॅलरीत जॅमच्या बाटल्या पालथ्या घातलेल्या, कोरड्या. तुला सांगायचं म्हणून मी तोंड उघडलं, दिगू, की तू बरोबर होतास, मी हरले. वाक्य जिभेवर तयार होतं. इतक्या वर्षांत तुला जे एकदाही ऐकायला मिळालं नाही ते मी दारात उभी राहून मोठ्याने म्हटलं, आणि मग चपला तशाच पायात ठेवून तुझ्या खुर्चीसमोर खाली बसले आणि रडले.